म्हैसूरचे कमिशन-राज्य : एका प्रांताच्या प्रशासनाची पन्नास वर्षे

राज्य बदलले की प्रजेचे जीवन आमूलाग्र बदलते, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहासात लढाया, तह आणि राज्यारोहणे ठळकपणे नोंदली जातात, म्हणून हा समज दृढ होतो. परंतु सामान्य रयतेचा संबंध राजाशी किंवा गव्हर्नर-जनरलशी क्वचितच येत असे. तिचा संबंध येई तो गावच्या पाटलाशी, हिशेब लिहिणाऱ्या शानभोगाशी आणि तालुक्याच्या अमलदाराशी. सारा कोणी ठरवायचा, तो कोणत्या मापाने मोजायचा, नोंद कोणत्या भाषेत करायची आणि तक्रार कोणाकडे न्यायची, या प्रश्नांची उत्तरे जेव्हा बदलतात, तेव्हाच राज्य खऱ्या अर्थाने बदलले असे म्हणता येते.

या दृष्टीने बंगळूरच्या आग्नेयेस असलेले बेळ्ळंदूर हे गाव लक्षात घेण्यासारखे आहे. आज ते महानगरात सामावून गेले असले, तरी दीर्घकाळ ते तलावाच्या आधाराने शेती करणारे एक गाव होते. सुमारे नऊशे एकरांचा त्याचा तलाव बंगळूर परिसरातील सर्वांत मोठा मानला जातो. अशा गावांनी गेल्या चार शतकांत विजापूरकर, मराठे, मोगल, म्हैसूरचे वोडेयर, हैदर-टिपू आणि इंग्रज अशा अनेक सत्ता पाहिल्या. त्यांपैकी १८३१ ते १८८१ ही पन्नास वर्षे प्रशासनाच्या इतिहासात सर्वाधिक महत्त्वाची ठरली. या काळात म्हैसूरचे राज्य नावाने वोडेयरांचे होते, पण कारभार इंग्रज कमिशनरांच्या हाती होता.

जहागिरीचा वारसा

केंपेगौडा याने १५३७ मध्ये वसविलेले बंगळूर विजापूरच्या फौजांनी १६३८ मध्ये घेतले. रणदुल्लाखानाच्या या मोहिमेत शहाजीराजे भोसले होते, आणि बंगळूर त्यांना जहागीर म्हणून मिळाले. बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे एवढा हा मुलूख होता. शहाजीराजांच्या मृत्यूनंतर (१६६४) तो त्यांचे पुत्र एकोजीराजे यांच्याकडे आला. एकोजीराजांनी तंजावर हस्तगत केल्यावर बंगळूर सांभाळणे त्यांना अवघड झाले. तीन लाख रुपयांस ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला विकण्याची बोलणी चालू असतानाच, १६८७ मध्ये मोगल सरदार कासीमखान याने शहर घेतले आणि ठरलेल्या तीन लाखांनाच ते म्हैसूरच्या स्वाधीन केले.

मराठ्यांची सत्ता या भागात जेमतेम अर्धशतक टिकली, पण विजापूरकर आणि पुढे मोगल अमलात रुजलेली दख्खनी प्रशासनाची चौकट कायम राहिली. परगणा, संमत, तरफ, मौजे आणि मजरे ही विभागणी, तसेच देशमुख, देशपांडे व देशकुलकर्णी ही वतने कन्नड मुलखात आली ती याच काळात. गावपातळीवर नवे असे फारसे काही करावे लागले नाही. महाराष्ट्रातील बारा बलुतेदारांसारखीच कन्नड गावात ‘आयगार’ मंडळींची व्यवस्था पूर्वापार होती. पाटील म्हणजे तेथील गौड, आणि कुलकर्णी म्हणजे शानभोग. त्याखेरीज सुतार, लोहार, परीट, न्हावी, कुंभार, पंचांगी हे होते, आणि तोटी व तळवार हे रखवालीचे काम करीत. ज्या गावी तलाव असे तेथे ‘नीरगंटी’ हा आणखी एक महत्त्वाचा सेवक असे. तलावाचे पाणी कोणत्या शेताला, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने द्यायचे, हे तो पाही. पिकाच्या वाट्यातून या सर्वांना धान्य मिळे.

चिक्कदेवराजाने आपल्या कारभाराची अठरा खात्यांत वाटणी केली. त्यांनाच ‘अठारा कचेरी’ असे म्हटले गेले. पुढे हैदर अलीच्या दप्तरात हिशेब मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत ठेवले जात, आणि टिपू सुलतानाने त्यात फारसीची भर घातली. हिशेबाच्या वह्याही वैशिष्ट्यपूर्ण असत. चिंचोक्याची खळ आणि कोळशाची पूड लावून काळ्या केलेल्या जाड कापडाच्या घड्या घालून त्या तयार करीत आणि शंखजिऱ्याच्या पेन्सिलीने त्यांवर लिहीत. यांना ‘कडत’ म्हणत. लिहिलेले पुसून पुन्हा लिहिता येई. या सोयीचा लाभ सरकारला जितका होता, तितकाच लबाड कारकुनालाही होता.

मांडलिक राज्य आणि त्याची अट

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. इंग्रजांनी राज्याचा बराच भाग आपण आणि निजाम यांच्यात वाटून घेतला आणि उरलेल्या मुलखावर पाच वर्षांच्या कृष्णराज वोडेयर (तिसरे) यांना गादीवर बसविले. जुलैमध्ये झालेल्या तहानुसार म्हैसूरने कंपनीच्या फौजेच्या खर्चासाठी दरसाल सात लाख स्टार पगोडा, म्हणजे साडेचोवीस लाख रुपये, द्यावयाचे होते. याच तहात आणखी एक कलम होते. ही रक्कम धोक्यात आली आहे असे गव्हर्नर-जनरलला वाटल्यास त्याने राज्याचा काही किंवा सर्व भाग आपल्या व्यवस्थेखाली घ्यावा, असा अधिकार त्यात दिला होता. धोका आहे की नाही, हे ठरविणारा आणि त्याचा लाभ घेणारा एकच होता. पुढील सर्व घटनांचे बीज या कलमात आहे.

राजा अज्ञान असेपर्यंत दिवाण पूर्णय्या यांनी कारभार पाहिला. हैदर, टिपू आणि कंपनीने स्थापलेले नवे राज्य अशा तीन राजवटींत त्यांनी अधिकारपदे भूषविली. राज्यकर्ते बदलले तरी हिशेब जाणणाऱ्या माणसाची गरज कशी टिकून राहते, याचे ते उत्तम उदाहरण होय. १८११ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा खजिन्यात मोठी शिल्लक होती. त्यानंतरच्या वीस वर्षांत ती संपली. राजाचा दानधर्म आणि दरबारी खर्च हे त्याचे एक कारण होते, आणि धान्याचे उतरलेले भाव हे दुसरे. महसूल निश्चित हाती यावा म्हणून ‘शर्त’ पद्धत आली. अमलदाराने ठराविक रक्कम भरण्याची हमी द्यायची आणि ती रयतेकडून वसूल करायची. रक्कम कमी पडली तर अमलदार बुडे, म्हणून तो ती कमी पडू देत नसे.

याचा परिणाम १८३० मध्ये नगर प्रांतात दिसून आला. रयतेने ‘कूट’ नावाच्या सभा भरवून सारा देण्याचे नाकारले. बुडी बसप्पा याने नगरच्या गादीवर हक्क सांगितला आणि तरीकेरेचा पाळेगार त्याला मिळाला. बंड मोडण्यास कंपनीची फौज बोलवावी लागली. ऑक्टोबर १८३१ मध्ये लॉर्ड विल्यम बेंटिंक याने तहातील कलमाचा आधार घेऊन सर्व राज्याचा कारभार ताब्यात घेतला. राजाला दरसाल एक लाख स्टार पगोडा आणि निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा मिळणार होता. पदवी राहिली, पण अधिकार गेला.

कबन यांची पद्धत

आरंभी दोन कमिशनरांचे मंडळ नेमण्यात आले. वडील कमिशनर कर्नल जॉन ब्रिग्ज हे मराठेशाहीच्या इतिहासाचे जाणकार होते. परंतु दोन तलवारी एका म्यानात राहिल्या नाहीत. १८३४ मध्ये एकच कमिशनर ठेवण्याचे ठरले, आणि त्याच वर्षी ते पद मार्क कबन यांच्याकडे आले. बंडाच्या कारणांची चौकशी करणाऱ्या १८३३ च्या समितीचे ते सदस्य होते. पुढे १८६१ पर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावीस वर्षे, ते या पदावर राहिले. मुख्य कचेरी म्हैसूरहून बंगळूरला आली. १८०९ पासून येथे लष्करी छावणी होतीच, त्यामुळे या शहरात राज्याचे लष्करी आणि मुलकी बळ एकत्र आले.

सहा फौजदाऱ्यांच्या जागी बंगळूर, अष्टग्राम, चित्रदुर्ग आणि नगर असे चार विभाग करून प्रत्येकावर एक युरोपीय सुपरिंटेंडंट नेमला गेला. मात्र त्याखालची रचना कबन यांनी फारशी हलविली नाही. तालुक्याला अमलदार, होबळीला शेकदार, गावाला पाटील आणि शानभोग हीच उतरंड कायम राहिली. दिवाणी तंटे जमेल तेथे पंचायतीकडे सोपविले गेले. कबन यांचा भर नवे कायदे करण्यापेक्षा जुन्या जाचक प्रथा काढून टाकण्यावर होता.

या जाचाचे स्वरूप आज वाचतानाही आश्चर्य वाटते. त्यांच्या कारकिर्दीत ७६९ किरकोळ कर रद्द करण्यात आले. त्यांत लग्नावरील कर होता, मूल जन्मल्याचा होता, त्याचे नाव ठेवल्याचा होता आणि त्याचे जावळ काढल्याचाही होता. एका गावाला कर द्यावा लागे, कारण त्यांच्या पूर्वजांना कोण्या पाळेगाराचा हरवलेला घोडा शोधून देता आला नव्हता. नगर भागात एका विशिष्ट ठिकाणावरून हात अंगालगत न धरता जाणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत. ही सगळी उत्पन्नाची बाब म्हणून सरकारी दप्तरात रीतसर नोंदलेली होती. कोणत्याही एका राजाने हे कर ठरवून बसविलेले नव्हते. प्रत्येक राजवटीने मागील राजवटीचे येणे चालू ठेवले आणि त्यात आपले काही मिळविले, असे हे थर साचत गेले होते. जकातनाक्यांचा जाच कमी झाला, पिकाच्या वाट्याने घेतला जाणारा ‘बटई’ सारा हळूहळू रोखीत आला, आणि गाडीरस्ते व पूल मोठ्या प्रमाणावर बांधले गेले. एवढे कर सोडूनही राज्याचे उत्पन्न कबन यांच्या काळात जवळजवळ दुपटीने वाढले.

दप्तराची भाषाही याच काळात बदलली. पिढ्यान्‌पिढ्या वरिष्ठ कचेऱ्यांत वावरलेल्या मराठीची जागा कन्नडने घेतली. मराठी दप्तरावर ज्यांची उपजीविका चाले, अशा घराण्यांच्या दृष्टीने ही हानी होती. रयतेच्या दृष्टीने मात्र हा बदल न्याय्यच होता. आपल्या नावावर किती सारा चढला आहे, हे ऐकून तरी समजावे, एवढा तिचा अधिकार होताच.

बाउरिंग यांची पुनर्रचना

कबन यांचे राज्य हे एका जाणत्या माणसाचे राज्य होते. त्याचे गुण आणि दोष दोन्ही त्यातच होते. नियम थोडे होते आणि निर्णय माणसावर अवलंबून असत. १८६२ मध्ये लेविन बाउरिंग आले आणि व्यक्तीच्या जागी यंत्रणा आली. चाराऐवजी नंदीदुर्ग, अष्टग्राम आणि नगर असे तीन विभाग झाले. त्यांचे आठ जिल्हे करून प्रत्येकावर डेप्युटी कमिशनर नेमला गेला. बंगळूर, कोलार आणि तुमकूर हे जिल्हे नंदीदुर्ग विभागात आले. भारतीय दंडसंहिता लागू झाली. १८६२ मध्येच बंगळूरचे शहर आणि छावणी यांच्यासाठी दोन स्वतंत्र नगरपालिका अस्तित्वात आल्या. सरकारी कचेऱ्यांसाठी दगडी इमारत उभारण्यात आली, तिला लोकांनी चिक्कदेवराजाच्या काळातले ‘अठारा कचेरी’ हेच नाव दिले. आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे.

या सर्वांहून दूरगामी ठरली ती १८६३ मध्ये सुरू झालेली जमीनमोजणी. तोपर्यंत जमीन मोजली जाई ती बहुधा तिच्यात किती बी पेरले जाते यावरून. त्यासाठी खंडुग आणि कोळग ही मापे होती. मराठी शेतकऱ्यांच्या खंडी-कुडवाचीच ही भावंडे. नवी मोजणी मुंबई इलाख्याच्या पद्धतीने झाली. या पद्धतीचा पाया पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात घातला गेला होता. तेथे आधीची महसूलव्यवस्था फसून गावे ओस पडू लागली, तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास शेताशेताची मोजणी करून, जमिनीची प्रत ठरवून, तीस वर्षांसाठी सारा निश्चित करण्याची रीत बसविली. ती मुंबई इलाख्यात पसरली आणि तेथून म्हैसूरला आली.

तिच्याबरोबर तिचे शब्दही आले. तेहतीस फुटांच्या साखळीने मोजलेला चौरस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आकारबंद, टिप्पण, खराबा, फोडी, पहाणी हे शब्द कन्नड उच्चाराने कर्नाटकाच्या महसुली कागदांत आजही आढळतात. बेळ्ळंदूर परिसरात ज्या जमिनींवर आज उंच इमारती उभ्या आहेत, त्यांच्या खरेदीखतांतही सर्व्हे नंबर, एकर आणि गुंठे लिहिलेले असतात. शहाजीराजांच्या जहागिरीने जे साधले नाही, ते इंदापूरच्या मोजणीने साधले असे म्हणता येईल. सत्ता न जाता केवळ पद्धत गेली, म्हणूनच ती टिकली.

गावाने काय मिळविले, काय गमावले

या व्यवस्थेत रयतेचा लाभ उघड होता. सारा तीस वर्षे वाढणार नाही, हे माहीत असल्यामुळे विहीर खणणे किंवा बांध घालणे परवडू लागले. मनमानी वसुलीला आळा बसला. शेताला क्रमांक मिळाला आणि नकाशावर त्याची हद्द आली, त्यामुळे हक्काचा पुरावा पाटलाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहिला नाही.

परंतु तलावाची गोष्ट वेगळी होती. म्हैसूरचे तलाव सुटे नसून साखळीत गुंफलेले असत. वरच्या तलावाचे जादा पाणी खालच्यात, आणि त्याचे त्याखालच्यात उतरे. बेळ्ळंदूरचा तलावही बंगळूरकडून येणाऱ्या अशा साखळ्यांच्या पायथ्याशी आहे. त्याचे पाणी वर्तूर तलावात आणि तेथून दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते. अशा तलावांचा गाळ काढणे आणि बांध दुरुस्त ठेवणे हे काम पूर्वी गावाच्या रूढीने चाले. बांधाच्या दुरुस्तीसाठी ‘कट्टुकोडगी’ म्हणून इनाम जमिनी दिलेल्या असत. नवी यंत्रणा जसजशी पक्की झाली, तसतशी तलावांची जबाबदारी एकीकडे महसूल खाते आणि दुसरीकडे १८५६ मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक बांधकाम खाते यांच्यात विभागली गेली. जमिनीला मालक मिळाला, पण पाण्याला खाते मिळाले. गावाची रूढी सैल झाली, आणि खात्याला हजारो तलावांकडे लक्ष देणे शक्य नव्हते. गावाचा सहभाग पुन्हा मिळावा म्हणून पुढे १९११ मध्ये म्हैसूर सरकारला तलाव-पंचायतींचा कायदाच करावा लागला.

कमिशनच्या व्यवस्थेची खरी कसोटी लागली ती १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात. राज्याची लोकसंख्या १८७१ च्या गणनेत ५०,५५,४१२ होती, ती १८८१ मध्ये ४१,८६,१८८ भरली. रस्ते, कचेऱ्या आणि नकाशे असलेल्या प्रांतात, इंग्रज अधिकाऱ्यांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, ही घट झाली. दप्तर व्यवस्थित असणे आणि माणसे जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या आकड्यांवरून दिसून आले.

दुसऱ्या एका साम्राज्यातील उदाहरण

म्हैसूरची स्थिती अधिक स्पष्ट व्हावी म्हणून त्याच युगातील रशियन साम्राज्याच्या बाल्टिक प्रांतांकडे पाहणे उपयुक्त ठरेल. स्वीडनविरुद्धच्या युद्धात १७१० मध्ये रीगा शहर आणि लिव्होनियाचा प्रांत पीटर बादशहाच्या हाती आला. शरणागतीच्या करारात त्याने तेथील जर्मन सरदारवर्गाचे विशेषाधिकार, ल्यूथरपंथ, जर्मन भाषा आणि स्थानिक कायदे मान्य केले. १७२१ च्या निस्टाडच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. बादशहा बदलला, परंतु एस्टोनियन आणि लाटव्हियन शेतकऱ्यांचा धनी तोच राहिला. १८१६ ते १८१९ या काळात तेथील भूदासांना मुक्ती मिळाली खरी, पण जमीन मिळाली नाही. पुढे केंद्रसत्तेचा हात हळूहळू आत शिरला. १८७६ मध्ये बाल्टिकच्या गव्हर्नर-जनरलचे पद रद्द झाले, १८८५ पासून कचेऱ्यांत रशियन भाषा सक्तीची झाली आणि १८८९ मध्ये न्यायालयांची पुनर्रचना झाली.

दोन्ही प्रांतांचा प्रवास उलट दिशांनी झाला. बाल्टिक प्रांतांत साम्राज्याने आरंभी स्थानिक सत्ताधाऱ्यांना हात लावला नाही, आणि दीड शतकाने त्यांचा अधिकार काढून घेतला. म्हैसूरमध्ये सर्व कारभार एकदम ताब्यात घेतला, आणि अर्धशतकाने तो परत केला. मात्र दोन्हीकडे एक गोष्ट समान आढळते. सत्तेचा खरा बदल दिसला तो दप्तराच्या भाषेत आणि न्यायाच्या दारात. रीगात दप्तर रशियन झाले, तेव्हा ती भाषा तेथील शेतकऱ्यांना परकीच होती. बंगळूरच्या कचेऱ्यांत खालच्या दप्तराची भाषा कन्नड झाली, ती निदान रयतेची होती.

प्रत्यर्पण आणि नंतर

कृष्णराज वोडेयर यांनी राज्य परत मिळावे म्हणून आयुष्यभर अर्ज केले. १८६० मध्ये म्हैसूर मद्रास सरकारच्या देखरेखीखाली देण्याचे ठरले, तेव्हा त्यांनी विरोध केला आणि तो बेत रद्द झाला. १८६५ मध्ये त्यांनी दत्तक घेतला. लंडनमधील वादविवादानंतर १८६७ मध्ये त्या दत्तकाचा वारसा मान्य करण्याचा निर्णय झाला. पुढील वर्षी राजे निवर्तले. २५ मार्च १८८१ रोजी चामराजेंद्र वोडेयर यांच्याकडे राज्य सोपविण्यात आले. बंगळूरची छावणी मात्र इंग्रजांनी आपल्याकडेच ठेवली. ती म्हैसूरला परत मिळाली १९४७ मध्ये, आणि शहर व छावणी यांच्या दोन नगरपालिका एक झाल्या १९४९ मध्ये.

प्रत्यर्पण झाले तरी जुना कारभार परत आला नाही. राजाने काय बदलू नये, हे हस्तांतरपत्रात लिहून ठेवले होते. कायदे, मोजणी, जिल्हे आणि खाती जशीच्या तशी राहिली. नवे दिवाण रंगाचार्लू यांनी त्यात एक भर मात्र घातली. ७ ऑक्टोबर १८८१ रोजी १४४ सदस्यांची प्रतिनिधी सभा भरली. तिला कायदे करण्याचा अधिकार नव्हता. परंतु आपल्या तालुक्याचे गाऱ्हाणे सरकारच्या मुख्य अधिकाऱ्यासमोर उभे राहून मांडता येईल, अशी जागा प्रथमच निर्माण झाली. कमिशनच्या पन्नास वर्षांत नेमकी हीच उणीव होती.

गावपातळीवरील वंशपरंपरागत वतने १९६१ च्या कायद्याने रद्द झाली, आणि तो अंमलात आला १९६३ मध्ये. पाटील आणि शानभोग गेले, नीरगंटीची गरजही शेतीबरोबर ओसरली. २००७ मध्ये बंगळूरच्या महानगरपालिकेचा विस्तार झाला, तेव्हा बेळ्ळंदूर तिच्यात समाविष्ट झाले. शहराच्या सांडपाण्याने तलाव भरला. २०१५ नंतर त्यावर उसळलेला फेस आणि पाण्यावर लागलेल्या आगी यांची वार्ता देशभर गेली. तलावाची सफाई कोणी करायची, हा प्रश्न न्यायाधिकरणापुढे गेला आणि अनेक खात्यांची नावे पुढे आली. जमिनीच्या प्रत्येक गुंठ्याची नोंद असलेल्या या गावात पाण्याचा जबाबदार धनी शोधावा लागला. पन्नास वर्षांच्या त्या कारभाराने काय दिले आणि काय द्यायचे राहिले, याचा हिशेब या एका गोष्टीत सामावलेला आहे.